उभी केलेली गाडी पोलिसांनी उचलली तर: कायदा काय सांगतो आणि आपण काय करायचं

बल्लारपुरात गाडी उचलून नेण्याचा प्रकार मोठ्या शहरांसारखा रोजचा नाही. पण आपली मंडळी दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी चंद्रपूर आणि नागपूरला सारखी जात असतात आणि हा प्रसंग बहुतेकांवर तिथेच येतो. अनोळखी शहर, सोबत म्हातारं माणूस किंवा लेकरं, आणि गाडी जागेवर नाही. अशा वेळी डोकं चालत नाही. म्हणून हे आधीच वाचून ठेवलेलं बरं.

माझ्यावर हा प्रसंग दोन वर्षांपूर्वी आला. अम्मीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला गेलो होतो. डॉक्टरांनी जुने कागद मागितले, फाईल गाडीत राहिली होती. खाली आलो तर गाडी नाही. समोरचा पानठेलेवाला म्हणाला, "उचलून नेली ना सर, आत्ताच." ऑटो करून जिथे गाड्या ठेवतात तिथे पोहोचलो. दोन रकमा घेतल्या, पावती एकाच रकमेची दिली. अम्मी तिकडे एकटी बसलेली, म्हणून मी काही न विचारता गाडी घेऊन निघालो. पुढच्या महिन्यात मोबाईलवर त्याच दिवसाचं, त्याच जागेचं आणखी एक चलन आलं. ते चूक आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. गाडी चुकीच्या जागी लावली होती हे खरं. नो पार्किंगचा फलक झाडाच्या फांदीआड होता, पण होता. दंड भरायचा मला राग नव्हता. एकाच चुकीचे तीनदा पैसे का, एवढाच माझा प्रश्न होता आणि तो विचारायला हातात कागद नव्हता.

गाडी उचलण्याचा अधिकार कुठून येतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ हे या विषयाचं मूळ आहे. सार्वजनिक जागेवर एखादी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली, बेवारस असेल, किंवा जिथे कायद्याने पार्किंगला मनाई आहे तिथे उभी असेल, तर ती उचलून नेण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा आदेश देता येतो. हा आदेश कोण देऊ शकतो? त्या हद्दीचा अधिकार असलेला, गणवेशातला पोलीस अधिकारी. टोइंग व्हॅनवरची पोरं खाजगी ठेकेदाराची असतात. त्यांना स्वतःहून कुणाची गाडी उचलण्याचा अधिकार नाही. सोबत गणवेशातला पोलीस नसेल आणि गाडी उचलली गेली, तर तक्रारीत हा मुद्दा पहिल्या ओळीत लिहायचा.

याच कलमाचा दुसरा भाग धोकादायक गाड्यांचा आहे. मोडलेली, जळालेली किंवा सोडून दिलेली गाडी रहदारीला धोका ठरत असेल तर ती लगेच हटवता येते, दहा तासांची वाट पाहायची गरज नाही. तिसरा भाग आपल्या खिशाचा: गाडी अशी उचलली गेली तर उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा, दंड वेगळा. म्हणजे दोन रकमा घेणं बेकायदा नाही. पण त्या दोन्ही रकमांचा कागद मिळाला पाहिजे.

कलमातला शब्द "उचलता येईल" असा आहे, "उचललीच पाहिजे" असा नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी शहरातलं टोइंग प्रायोगिक तत्त्वावर बंद करत असल्याचं जाहीर केलं, ते याच मोकळिकीमुळे शक्य झालं. चालक तिथेच हजर असेल आणि गाडी हलवायला तयार असेल तर चलन करून त्याला जाऊ देणं हा साधा मार्ग पोलिसांपुढे खुला असतो. गाडीत माणूस बसलेला असताना गाडी ओढणं तर गंभीरच. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत मालाडला बाई आणि तिचं तान्हं बाळ आत असताना गाडी ओढून नेल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्या वाहतूक पोलीस कर्मचाऱ्याला निलंबित करण्यात आलं.

आता "सार्वजनिक जागा" म्हणजे काय? ज्या रस्त्यावर किंवा जागेवर जनतेला जाण्या-येण्याचा हक्क आहे ती. तुमच्या वाड्याचं आवार, अपार्टमेंटचं कंपाउंड, मस्जिदीच्या किंवा शादीखान्याच्या स्वतःच्या मालकीची बंद जागा ही त्यात धरली जात नाही. सोसायटीच्या अध्यक्षाने व्हॅन बोलावून आतली गाडी उचलायला लावली तर त्याला कलम १२७ चा आधार मिळणार नाही. रेल्वे स्टेशनचं आवार आणखी वेगळं. आपल्या बल्हारशाह स्टेशनसमोर रेल्वेच्या हद्दीत गाडी लावली तर रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १५९ लागू शकतं. रेल्वे कर्मचारी किंवा पोलिसाने दिलेली वाजवी सूचना वाहनचालकाने मानली नाही तर पाचशे रुपयांपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पहाटेच्या गाडीने हैदराबादला जाणारे लोक स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर गाडी लावून दोन-दोन दिवस निघून जातात. त्यांच्यासाठी वर सांगितलेला दहा तासांचा नियम आहे. पैसे देऊन गाडी ठेवण्याची जागा असेल तर ती घ्यावी.

"फलक नव्हता" हे आपलं सगळ्यात आवडतं उत्तर. ते कधी चालतं, कधी नाही. गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवण्याचा अधिकार कलम ११७ खाली राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे आणि तो स्थानिक संस्थेशी, म्हणजे नगर परिषद किंवा महानगरपालिकेशी सल्लामसलत करून वापरायचा आहे. अशा आदेशाने एखादी जागा नो पार्किंग ठरली असेल तर तिथे फलक हवा, आदेशाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण काही जागी फलक नसला तरी मनाई असतेच: चौकाजवळ, वळणावर, पुलावर, फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगजवळ, बस थांब्यापाशी, शाळा किंवा दवाखान्याच्या फाटकासमोर, दुसऱ्या उभ्या गाडीला खेटून दुहेरी रांगेत, कुणाच्या घराचा रस्ता अडवून. लायसन्सच्या परीक्षेला हे सगळे पाठ करून जातात. नंतर विसरतात. मी शाळेच्या फाटकावर रोज उभा असतो, विसरणारे कोण कोण आहेत ते मला चांगलं माहीत आहे.

गाडी जागेवर नाही: पहिला अर्धा तास

आधी ठरवायचं की गाडी उचलली की चोरीला गेली. आजूबाजूच्या दुकानदाराला विचारा. नाही कळलं तर ११२ ला फोन लावून गाडीचा नंबर सांगा आणि या रस्त्यावरून गाड्या उचलल्या गेल्या का, कुठे नेल्या, ते विचारा. नंतर जिथे गाडी होती त्या जागेचा फोटो काढा. रस्त्याची दोन्ही टोकं, फलक असेल तर फलक, नसेल तर नसलेला दिसेल असा फोटो. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच आपण विसरतो, कारण आपण व्हॅनच्या मागे धावतो.

गाडी उचललेली नाही असं कळलं तर चोरीची फिर्याद लगेच द्यायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून फिर्याद नाकारता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.

व्हॅन समोरच असेल तर? इथे पालक म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. व्हॅनपुढे आडवं उभं राहायचं नाही, हुक ओढायचा नाही, पोरांना पुढे करायचं नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे आणि धक्काबुक्की झाली तर कलम १३२ लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाचशे रुपयांच्या दंडाचा विषय एका मिनिटात फौजदारी होतो. मग पासपोर्टच्या पडताळणीला, नोकरीच्या चारित्र्य दाखल्याला तो गुन्हा समोर येतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं केवढं नुकसान! गाडी जाऊ द्या, ती परत मिळते.

मोबाईलवर शांतपणे चित्रण करायला हरकत नाही. पोलीस ठाण्यातही फोन काढला म्हणून सरकारी गुपिते अधिनियम लावता येत नाही. पोलीस ठाणं ही त्या कायद्यातली "प्रतिबंधित जागा" नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. मात्र चित्रण म्हणजे चित्रणच. तोंडाने शिव्या आणि हातात मोबाईल असा व्हिडिओ आपल्याच विरोधात जातो.

गाडी सोडवताना

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी. हे कागद मोबाईलवर डिजीलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असले तरी चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी तरतूद आहे. आपल्याकडे गाडी अब्बांच्या नावावर, चालवतो मुलगा, अब्बा बल्लारपुरात, असा प्रकार नेहमीचा. तेव्हा मालकाचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

पैसे देण्याआधी गाडीला एक चक्कर मारा. बंपर, दरवाजे, आरसे, खालची बाजू, हँडब्रेक, आतलं सामान. नवा ओरखडा किंवा डेंट दिसला तर तिथेच फोटो काढा आणि साध्या कागदावर लिहून द्या: "गाडी क्रमांक अमुक, आज इतक्या वाजता ताब्यात घेताना पुढील नुकसान आढळलं." एक प्रत देऊन दुसरीवर सही-शिक्का किंवा आवक क्रमांक मागा. नाही दिला तर तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने वाहतूक शाखेला पाठवा. फाटकाबाहेर गाडी काढल्यावर "हे आधीचंच असेल" हे उत्तर ठरलेलं असतं.

आता पैसे. नो पार्किंगसाठी बहुतेक वेळा कलम १७७ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास दीड हजारांपर्यंत दंड आहे. रहदारी अडवली असेल तर कलम २०१, त्यातही मर्यादा पाचशे रुपये. टोइंगचा खर्च याच्याहून वेगळा, त्याचे दर ठरलेले असतात. दरफलक कुठे आहे ते विचारा. चलनावर कलम कोणतं, जागा कोणती, वेळ कोणती, हे वाचून मगच पुढे जा. एकाच जागेसाठी एकाच वेळी दोन चलनं झाली असतील तर तिथेच दाखवा. पावती मिळणार नसेल तर रोख देऊ नका, ऑनलाइन भरा, म्हणजे निदान बँकेत नोंद राहील. कुणी पावतीशिवाय "थोडक्यात मिटवतो" म्हणालं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

एक अडचण इथे खरी आहे आणि तिच्यावर सोपा उपाय नाही. चलनाची रक्कम भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड करणं. तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई होत नाही, पण आपलंही म्हणणं तिथेच संपतं. भरल्यावर "मी चुकलोच नव्हतो" म्हणून भांडणं फार अवघड. म्हणून चलन खरोखर चुकीचं वाटत असेल तर टोइंगचा खर्च तेवढा पावती घेऊन द्या, दंडाचं चलन ई-चलन म्हणून प्रलंबित ठेवायला सांगा आणि गाडी सोडवा. "जुनी सगळी चलनं भरल्याशिवाय गाडी देणार नाही" असं कुणी म्हणालं तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. पण सोबत आजारी माणूस असेल, रात्र झाली असेल, लेकरं रडत असतील, तर भरून मोकळं व्हा. तसं करणारा माणूस भित्रा नसतो. मीही तेच केलं.

चलन मान्य नसेल तर

पहिला मार्ग घरबसल्या आहे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. गाडीचा नंबर टाकून चलनाचा फोटो पाहा. फोटोतली गाडी तुमचीच आहे का, जागा ओळखू येते का, फलक दिसतो का. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनाने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेला १६७-अ हा नियम सांगतो. मोबाईल नंबर आरसीला जोडलेला नसेल तर यातलं काहीच आपल्याला कळणार नाही. जुनी गाडी विकत घेतलेल्या लोकांचे मेसेज अजून आधीच्या मालकाला जात असतात. हे काम चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयाशी किंवा परिवहनच्या संकेतस्थळावरून आजच करून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर "तुमचं चलन" म्हणून एखादी ॲपची फाईल आली तर ती उघडू नका, त्यातून बँक खातं रिकामं होतं.

दुसरा मार्ग व्हर्च्युअल कोर्टाचा. नागपूरला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते वाहतुकीच्या प्रकरणांसाठी असं कोर्ट सुरू झालं, म्हणजे ही सोय विदर्भाला नवी नाही. तिथे प्रकरण आलं की मोबाईलवर मेसेज येतो. दोन पर्याय असतात: दंड भरणं किंवा लढणं. लढतो म्हटलं की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. चलन नागपूरचं असेल तर तारखाही नागपूरच्याच. बल्लारपूरहून दीडशे किलोमीटरच्या वर जाऊन तीन तारखा करायच्या की पाचशे रुपये भरायचे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. परवाना निलंबित होण्याचा धोका असेल किंवा गाडी हेच पोटाचं साधन असेल तर लढण्यात अर्थ आहे.

जुनं चलन असेल तर मुदतीचा मुद्दा वकिलाला जरूर विचारा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. योग्य कारण असेल तर न्यायालय विलंब माफ करू शकतं, म्हणून हे हुकमी पान समजू नका.

तिसरा मार्ग राष्ट्रीय लोकअदालत. त्याआधी थकित चलनांच्या नोटिसा मोबाईलवर येतात. तिथे तडजोडीने प्रकरण निकाली निघतं, पण एकदा निवाडा झाला की अपील नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आपल्या भगिनींना हे माहीत नसतं. पुरुषांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर.

ताब्यातल्या गाडीचं नुकसान झालं तर

याबाबतीत कायदा सामान्य माणसाच्या बाजूने आहे आणि तो मेमन महोमद हाजी हसन नावाच्या एका माणसाच्या चिकाटीमुळे अधिक स्पष्ट झाला. जुनागढ संस्थानच्या कस्टम अधिकाऱ्यांनी त्यांचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली. त्यांनी जप्तीविरुद्ध अपील केलं. अपील चालू असतानाच ती वाहनं, जी देखभालीविना पडून होती, बेवारस मालमत्ता म्हणून न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने विकली गेली. पुढे अपिलात निकाल हाजींच्या बाजूने लागला, वाहनं परत करा असा आदेश झाला. परत करायला वाहनंच नव्हती. सरकारचं म्हणणं असं की आमच्यात काही करार झालेला नाही, मग आमची जबाबदारी कसली?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गुजरात राज्य विरुद्ध मेमन महोमद हाजी हसन, १९६७. न्यायालयाने सांगितलं की करार नसला तरी निक्षेपाचं नातं तयार होऊ शकतं. निक्षेप हा कायद्याचा शब्द, आपला शब्द अमानत. गाडी सरकारच्या ताब्यात आहे आणि ती परत करण्याची वेळ येऊ शकते, तर तिची वाजवी काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, बसव्वा पाटील यांच्या प्रकरणात पोलीस ठाण्यातून चोरीला गेलेल्या दागिन्यांची किंमत म्हणून दहा हजार रुपये राज्याने द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ताब्यात घेतलं म्हणजे जबाबदारी आली, हे तत्त्व तिथेही तेच.

टोइंगमध्ये गिअरबॉक्स बिघडला, बंपर निघाला, आतला लॅपटॉप गेला, तर याच तत्त्वावर भरपाई मागता येते. आधी वाहतूक शाखेच्या प्रमुखाला आणि ठेकेदाराला लेखी मागणी करा, सोबत फोटो आणि गॅरेजचं अंदाजपत्रक जोडा. पूर्ण विमा असेल तर विमा कंपनीलाही कळवा, फक्त थर्ड पार्टी असेल तर तिथून काही मिळणार नाही. दावा करायचाच झाला तर दोन अडथळे आहेत. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. आणि पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये फक्त सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून वकिलाकडे पहिल्याच महिन्यात जा. ईद होऊ दे, परीक्षा होऊ दे, असं करत पाच महिने गेले की वकीलही हात वर करतो.

पैसे देऊन लावलेल्या पार्किंगमधून गाडी गेली तर प्रकरण ग्राहक आयोगाचं. ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चावी घेऊन गाडी सांभाळायला घेतल्यावर निष्काळजीपणा झाला असेल, तर "मालकाच्या जबाबदारीवर" अशी छापील ओळ दाखवून हॉटेलला सुटता येत नाही.

उचललेली गाडी आणि जप्त झालेली गाडी

या दोन्ही गोष्टी एक नाहीत आणि आपल्या जिल्ह्यांत हा फरक कळणं फार गरजेचं आहे. अपघातात, गुन्ह्यात किंवा बेकायदा वाहतुकीत सापडलेली गाडी जप्त होते, ती दंड भरून सुटत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडे दारू नेताना सापडलेली गाडी जप्त होते. जंगलातलं लाकूड सापडलं तर वनविभाग गाडी जप्त करतो आणि सरकारजमाही करू शकतो. कागदच नसलेली किंवा परमिट नसलेली गाडी कलम २०७ खाली अडकवून ठेवतात, तिच्यासाठी कागद घेऊन अर्ज करावा लागतो. मित्राला एका दिवसासाठी गाडी देताना हे आठवावं.

पोलिसांनी गुन्ह्यात जप्त केलेली गाडी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुपूर्दनाम्यावर मिळते. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं सडवण्यात काही अर्थ नाही, बंधपत्र आणि योग्य ती हमी घेऊन ती लवकर सोडावीत. तरी कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागे जाऊन पाहा, वेली चढलेल्या गाड्या दिसतील. त्यातल्या कित्येकांच्या मालकांनी अर्जच केलेला नसतो. मालक पुढे आला नाही तर जाहीर सूचना निघते, हक्क सांगायला सहा महिने मिळतात, त्यानंतर गाडी सरकारच्या हाती जाते.

तक्रार, माहितीचा अधिकार आणि जुम्म्याची गर्दी

वाहतूक शाखेने ऐकलं नाही तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस उपायुक्त, वाहतूक. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार जाते. पैसे उकळणं, भ्रष्टाचार असा गंभीर आरोप असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पण तोंडी आरोपाला कुठेच वजन नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. "शुक्रवारी फक्त मस्जिदीसमोरच्याच गाड्या उचलतात" हे वाक्य मी चंद्रपूरलाही ऐकलं आहे, नागपूरलाही. खरं असेल, नसेलही. मोजल्याशिवाय कळणार नाही आणि मोजायचं साधन आपल्याकडे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो. मजकूर असा ठेवता येईल:

"विषय: अमुक रस्त्यावरून उचललेल्या वाहनांबाबत. कालावधी: अमुक ते अमुक. आवश्यक माहिती: (१) या रस्त्यावर पार्किंगला मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत. (२) या कालावधीत जवळच्या तीन रस्त्यांवरून उचललेल्या वाहनांची दिनांक, वेळ व ठिकाण दर्शवणाऱ्या नोंदवहीची प्रत. (३) टोइंगचा करार व मंजूर दरपत्रकाची प्रत. (४) या कालावधीत वसूल केलेल्या टोइंग शुल्काचा पावतीनिहाय तपशील."

दुसऱ्या मुद्द्यात शेजारचे रस्ते घालायला विसरू नका, तुलना त्याशिवाय होत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. पुढे नव्वद दिवसांत दुसरं अपील, आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ. आकड्यांत खरंच भेदभाव दिसला तर तो कागद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना भेटता येतं. नाही दिसला तर आपलीच शंका फिटते.

दुसरी बाजूही पाहू. खुतबा सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी येऊन, बाइक तिरपी टाकून, मागून अँब्युलन्स आली तरी निघणार नाही अशी लावणारे आपलेच भाऊ असतात. रस्त्यातली तकलीफ देणारी गोष्ट बाजूला करणं हा ईमानचा भाग, हे आपण मदरशात शिकलेलो आहोत आणि बाहेर येऊन स्वतःच ती गोष्ट रस्त्यात उभी करतो.

वर कलम ११७ सांगितलं, त्याचा उपयोग मस्जिद कमिटीलाही करता येतो. शुक्रवारी दुपारच्या ठराविक वेळेपुरती रस्त्याच्या एका बाजूला पार्किंगची परवानगी मिळावी, किंवा जवळची शाळेची, बाजाराची, नगर परिषदेची मोकळी जागा त्या वेळेपुरती वापरता यावी, असा अर्ज वाहतूक शाखा आणि नगर परिषदेचे मुख्याधिकारी या दोघांना द्यायचा. अर्जासोबत रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा, रुंदीचं माप, साधारण किती दुचाकी आणि किती चारचाकी येतात ती संख्या, आणि गाड्या लावायला कमिटीचे कोणते चार स्वयंसेवक उभे राहतील त्यांची नावं जोडा. परवानगी तोंडी मिळाली तरी लेखी मागा. रमजानच्या तोंडावर सगळ्यांची धावपळ असते, त्यामुळे हा अर्ज शाबान लागायच्या आधीच गेलेला बरा.